‘करतो’, ‘करतात’ आणि इंग्रजीचा साधा वर्तमानकाळ

[डिलाईल रोड, मुंबई येथे रात्रशाळांतील शिक्षक, शासकीय कर्मचारी आणि चाळींतील ग्रामस्थ मंडळांच्या निमंत्रणावरून आलेले पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर.]



व्याकरणावर भाषण आहे असे कळले की सभागृहातील मागच्या रांगा आधी रिकाम्या होतात. तरीही आपण दिवसभराचे काम उरकून येथे आलात, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून विषयही लहान घेतला आहे. इंग्रजी भाषेतील एकच काळ, आणि तोही पहिल्याच पुस्तकात भेटणारा : साधा वर्तमानकाळ. इंग्रजीच्या बारा काळांची नावे घडाघडा म्हणून दाखविणारे विद्यार्थी आपल्याकडे पुष्कळ आहेत. परंतु ‘माझे वडील काम करतात’ एवढे एक वाक्य इंग्रजीत बिनचूक लिहिताना त्यांतील अनेकांची लेखणी अडखळते. ती का अडखळते, याचा विचार आज करावयाचा आहे.

ज्या रस्त्यावर आपण जमलो आहोत, त्याची पाटी ‘ना. म. जोशी मार्ग’ अशी आहे. नारायण मल्हार जोशी (१८७९-१९५५) यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली आणि गिरणगावातील श्रमिकांसाठी वाचनालये व रात्रशाळा चालविल्या. त्यापूर्वी १८५५ मध्येच जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. दिवसा राबणाऱ्याने रात्री शिकावे, ही कल्पना या रस्त्याला नवी नाही. बदलले आहे ते शिकण्याचे निमित्त. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, आणि त्यानंतरच्या वर्षांत एकेक गिरणी बंद पडत गेली. ज्या आवारात वडील साचा चालवीत, त्याच आवारात आज काचेच्या इमारती उभ्या आहेत, आणि तेथे मुलगा किंवा मुलगी मुलाखतीसाठी जाते. ‘स्वतःविषयी काही सांगा’ हा तेथील नेहमीचा पहिला प्रश्न. मी कोठे राहतो, काय शिकतो, घरी कोण काय करते, मला काय आवडते : हे सारे उत्तर जवळजवळ पूर्णपणे साध्या वर्तमानकाळात द्यावे लागते. ज्याला हा एक काळ नीट वापरता येतो, त्याची पहिली पाच मिनिटे निभावतात. ज्याला येत नाही, तो विषयात हुशार असूनही पहिल्याच वाक्याला गप्प होतो. म्हणून या लहानशा विषयाला मी लहान मानीत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. पाटीवर ना. म. जोशींचे नाव असले तरी लोक या रस्त्याला डिलाईल रोडच म्हणतात. ‘म्हणतात’ हे क्रियापद कोणत्या काळाचे? साध्या वर्तमानकाळाचे. पण या क्षणी, आपण येथे शांत बसलो असताना, कोणी तसे म्हणत आहे का? कदाचित कोणीही नाही. तरी वाक्य खरे आहे. काल खरे होते, आज आहे, उद्याही राहील अशी आपली अपेक्षा आहे. इंग्रजीचा साधा वर्तमानकाळ म्हणजे नेमका हा. चालू घटकेला काय घडत आहे ते तो सहसा सांगत नाही. कोणती गोष्ट लागू आहे, कोणती टिकून आहे, ते सांगतो. सवय, नियम, धंदा, आवडनिवड, सृष्टिक्रम, वेळापत्रक हे त्याचे प्रांत. जूनमध्ये पाऊस येतो, नदी समुद्राला मिळते, शाळा साडेसहाला भरते, दुकान सोमवारी बंद असते. घटकेपुरते जे घडत आहे, त्यासाठी इंग्रजीने वेगळे रूप राखून ठेवले आहे, ज्याच्या शेवटी ‘इंग’ लागते. ‘वर्तमान’ या शब्दाने आपला घोटाळा होतो. मुलाला ‘वर्तमान म्हणजे आत्ता’ असे शिकविले जाते, आणि मग ‘आत्ता’ घडणारी प्रत्येक गोष्ट तो या रूपात कोंबू लागतो.

मराठीत ही विभागणी एवढी कडक नाही. ‘मी शाळेत जातो’ हे वाक्य रोजच्या नेमाविषयी असू शकते, आणि चपला पायात घालताना घरच्यांना उद्देशून उच्चारलेलेही असू शकते. आपण तर त्याही पुढे जातो. दुसऱ्याच्या घरून निघताना ‘जातो’ म्हणणे अशुभ म्हणून ‘येतो’ म्हणतो. जेवायला हाक आली की जागचे न हलता ‘आलो, आलो’ असे चक्क भूतकाळात उत्तर देतो. ही आपल्या भाषेची ऐट आहे आणि ती जपावी. मात्र ‘बरे आहे, येतो’ याचे शब्दशः इंग्रजी करून ‘आय कम’ म्हणणाऱ्या पाहुण्याचा अर्थ यजमानाला लागणार नाही. रूपाला रूप जोडून भाषांतर होत नाही; आधी हेतू विचारावा लागतो. नेम सांगायचा आहे की घटका? मराठीत नेमाला अधिक स्पष्ट असे ‘जात असतो’ हे रूपही आहे. आपले वैयाकरण त्याला रीतिवर्तमान म्हणतात. वर्गात मी एवढीच कसोटी सुचवीन : वाक्यात ‘जातो’च्या जागी ‘जात असतो’ घालून पाहावे. अर्थ बिघडला नाही, तर इंग्रजीत ‘आय गो’. अर्थ बिघडला आणि ‘जातो आहे’ हेच शोभू लागले, तर ‘आय अ‍ॅम गोइंग’. दहा व्याख्या पाठ करण्यापेक्षा मुलाच्या कानाला ही कसोटी लवकर पटते, कारण तो कान मराठीत आधीच तयार झालेला असतो.

आता त्या बदनाम ‘स’कडे येतो. तृतीय पुरुषी एकवचनी कर्ता असला की क्रियापदाला ‘स’ लागतो : ‘आय वर्क’, ‘यू वर्क’, ‘दे वर्क’, पण ‘ही वर्क्स’, ‘शी वर्क्स’. हा नियम प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो आणि तरीही वहीत ‘स’ गळतो. मराठी मुलाला कर्त्याप्रमाणे क्रियापद बदलणे कठीण जाते, असे मुळीच नाही. जातो, जाते, जातोस, जातेस, जाता, जातात अशी सहा रूपे तो तिसऱ्या वर्षीच चुकल्याविना बोलू लागतो. इंग्रजीत दोनच आहेत. सहा घागरी डोक्यावर घेऊन चालणाऱ्याला दोन का पेलू नयेत?

कारण वहीतच सापडते. ‘माझे कुटुंब’ या विषयावर मराठी माध्यमातील मुलाने लिहिलेला उतारा डोळ्यांसमोर आणा. ‘माय मदर वर्क्स’ हे तो बरोबर लिहितो, आणि पुढच्याच ओळीत ‘माय फादर वर्क’ असे लिहून ‘स’ गाळतो. शिक्षक लाल शाईने खूण करतात आणि ‘निष्काळजीपणा’ असा शेरा मारतात. पण त्या मुलाच्या मनातील मराठी ऐका : ‘आई काम करते’, ‘बाबा काम करतात’. आईला आपण एकवचनात बोलावतो, वडिलांना आदरार्थी बहुवचनात. ‘करते’ला ‘वर्क्स’ आणि ‘करतात’ला ‘वर्क’ हा नियम मुलाने तंतोतंत पाळला आहे. चूक झाली ती निष्काळजीपणाने नव्हे. बापाचा मान राखल्यामुळे झाली आहे. गुरुजी, बाई, आजोबा, सरपंच, साहेब या सर्वांविषयी लिहिताना हेच घडते. इंग्रजी भाषेत तृतीय पुरुषाला असा बहुवचनी मान नाही. राष्ट्रपतींपासून शिपायापर्यंत सर्वांना एकच ‘वर्क्स’. हे मुलाला एकदा मराठीतून, उघडपणे सांगितले पाहिजे : माणसे मोजावीत, मान मोजू नये. हे वाक्य सांगितल्यावाचून नुसता ‘स’ घोटून घेणे म्हणजे रोगाचे निदान न करता मलमपट्टी करण्यासारखे आहे. (आई एकवचनात का आणि वडील बहुवचनात का, हा वेगळा प्रश्न आहे. मुलींनी तो विचारला तर शिक्षकांनी त्याला बगल देऊ नये.)

या ‘स’चा थोडा पूर्वेतिहास सांगणे अस्थानी होणार नाही. पूर्वी इंग्रजीतही क्रियापदांना अधिक प्रत्यय होते. ‘तू जातोस’ याला ‘दाऊ गोएस्ट’, ‘तो जातो’ याला ‘ही गोएथ’. १६११ च्या इंग्रजी बायबलात हीच रूपे आहेत. संस्कृतातील ‘गच्छसि’ आणि ‘गच्छति’ ही रूपे शेजारी ठेवून पाहिली, तर ‘सि’ला ‘स्ट’ आणि ‘ति’ला ‘थ’ हे नाते कानालाही जाणवते. ते भाषाशास्त्राने सिद्ध केलेले आहे. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या एकाच मूळाविषयी जे विधान केले, त्यातून पुढे हे शास्त्र वाढले. काळाच्या ओघात इंग्रजीचे हे प्रत्यय झडत गेले आणि एकटा ‘स’ मागे उरला. आपल्या जुन्या मराठीतील ‘करिसी’ आणि आजचा ‘करतोस’ यांतील ‘स’ द्वितीय पुरुषाचा, त्यांचा तृतीय पुरुषाचा, एवढा भेद लक्षात ठेवावा. उच्चाराविषयी एकच सूचना : ‘वर्क्स’मध्ये तो स्वच्छ ‘स’ आहे, पण ‘गोज’, ‘लिव्ह्ज’ यांत तो ‘जुना’, ‘जावई’ या शब्दांतील दंतमूलीय ‘ज’च्या जवळ जातो. जो ‘ज’ मराठीत आयता आहे, त्यासाठी आपल्या मुलांना वेगळे कष्ट नकोत.

यानंतर येतो नकार, आणि माझ्या मते या सर्व विषयातील खरी अडचण येथेच आहे. ‘ही गोज’ याचा नकार ‘ही डज नॉट गो’. येथे मुले ‘ही डज नॉट गोज’ असे लिहितात, किंवा ‘ही नॉट गो’ असे लिहितात. हे ‘डू’ आणि ‘डज’ कोठून उपटले, असा प्रश्न त्यांना पडतो आणि तो योग्यच आहे. आपली पाठ्यपुस्तके सांगतात की ते साहाय्यक क्रियापद आहे. एवढ्याने समाधान होत नाही.

मराठीतच पाहू. ‘तू जातोस’ याचा नकार काय? ‘तू जात नाहीस’. ‘ते जातात’ याचा नकार? ‘ते जात नाहीत’. काय झाले ते नीट न्याहाळा. ‘जातोस’मधील ‘स’ क्रियापदावरून उठला आणि ‘नाही’ला जाऊन चिकटला. ‘जातात’मधील शेवटचा ‘त’ही तसाच ‘नाहीत’मध्ये गेला. मागे राहिले ते नुसते ‘जात’, जे कोणत्याही कर्त्यासाठी बदलत नाही. आता इंग्रजीकडे वळा. ‘गोज’मधील प्रत्यय उठला आणि ‘डज’मध्ये जाऊन बसला, मागे नुसते ‘गो’ राहिले. चाल तीच आहे. आपण ‘ते जातात नाहीत’ असे कधी म्हणत नाही, मग ‘डज नॉट गोज’ का म्हणावे? प्रत्यय एकच आहे, आणि तो एका वेळी एकाच ठिकाणी बसू शकतो. हे फळ्यावर दोन स्तंभांत, एकीकडे ‘जातोस, जात नाहीस’ आणि दुसरीकडे ‘गोज, डज नॉट गो’ असे मांडून दाखविले, की आठवीनववीतील मुलेच काय, पण दिवसभर हमाली करून रात्री वर्गात येणारा तिशीतला विद्यार्थीही मान डोलावतो. नवे काही शिकावे लागत नाही. जे तो आयुष्यभर बोलत आला आहे, ते त्याला फक्त दिसू लागते.

प्रश्नार्थक वाक्यात मात्र मराठीची साथ येथवर येऊन थांबते, हे कबूल केले पाहिजे. आपण ‘तो जातो’ या वाक्याला शेवटी ‘का’ लावला की प्रश्न तयार होतो. क्रियापद जागचे हलत नाही. म्हणून मराठी माणूस ‘यू लिव्ह व्हेअर?’ किंवा ‘व्हेअर यू लिव्ह?’ असे विचारतो. येथे नकारावरून पुढे जावे. ‘डज नॉट गो’ हे पक्के झालेले असले, की त्यातील ‘डज’ उचलून कर्त्याच्या आधी ठेवावयाचा : ‘डज ही गो?’ नकार शिकविण्याआधी प्रश्न शिकविण्याची घाई केली, तर ‘डू’ हे मुलांच्या मनात कायमचे भूत होऊन बसते.

हे ‘डू’ होकारार्थी वाक्यातही लपलेले असते. पंचायत सदस्यांना आणि अधिकाऱ्यांना हे सहज पटेल, कारण शपथविधी त्यांच्या परिचयाचा आहे. आपल्या संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीतील इंग्रजी शपथेत नुसते ‘स्वेअर’ नाही, ‘डू स्वेअर’ असे आहे. एरव्ही क्रियापदाच्या पोटात दडलेला ‘डू’ तेथे जोर देण्यासाठी बाहेर आला आहे. आणि गंमत अशी की साधा वर्तमानकाळ ‘आत्ता’चे काम सहसा करीत नाही, असे मी वर म्हटले, त्याला ही शपथ ठळक अपवाद आहे. ‘मी शपथ घेतो’ हे शब्द उच्चारणे म्हणजेच शपथ घेणे. ‘मी प्रमाणित करतो’, ‘मी जाहीर करतो’, ‘मी विनंती करतो’ ही वाक्येही तशीच. येथे बोलणे हीच कृती आहे, आणि येथे मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा साधा वर्तमानकाळच वापरतात. ‘आय अ‍ॅम सर्टिफाइंग’ असे कोणी लिहिले, तर त्याचा अर्थ सही अजून चालू आहे असा काहीसा होईल.

‘इंग’चा हा मोह आपल्याकडे फार पसरलेला आहे. ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘आय अ‍ॅम नोइंग हिम’ ही वाक्ये शिकल्यासवरल्या माणसांच्याही तोंडी ऐकू येतात. याचे मूळ ‘आहे’मध्ये आहे. मराठीत ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘मला माहीत आहे’; दोन्हीकडे ‘आहे’ दिसते, आणि ‘आहे’ म्हणजे ‘इज, अ‍ॅम, आर’ हे समीकरण पहिल्या इयत्तेपासून पक्के झालेले असते. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. त्याचा लाभ नाकारण्याचे कारण नाही. परंतु पहिली कित्येक वर्षे मूल ‘धिस इज’, ‘दॅट इज’ एवढेच घोकत राहिले, तर प्रत्येक इंग्रजी वाक्याला एक ‘इज’ लागतेच अशी त्याची श्रद्धा बसते, आणि ‘ही इज गो’ हे वाक्य तेथेच जन्माला येते. ‘माहीत असणे’, ‘जवळ असणे’, ‘आवडणे’, ‘हवे असणे’, ‘अर्थ असणे’ या क्रिया नसून स्थिती आहेत. स्थितीला सुरुवात आणि शेवट असा हलता देखावा नसतो, म्हणून इंग्रजी त्यांना ‘इंग’ लावीत नाही. ‘आय नो’, ‘आय हॅव’, ‘आय वाँट’, एवढेच पुरे. कायद्याची भाषा पाहा. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून पंचायतराज व्यवस्थेला जे संवैधानिक स्थान मिळाले, त्यातील अनुच्छेद २४३ मध्ये ‘ग्रामसभा’, ‘पंचायत’, ‘गाव’ या सर्व संज्ञांच्या व्याख्या एकाच इंग्रजी क्रियापदावर उभ्या आहेत : ‘मीन्स’. ‘इज मीनिंग’ नव्हे. व्याख्या ही आजच्यापुरती नसते.

आता आपल्या दैनंदिन कामकाजाशी याचा संबंध कोठे येतो ते सांगतो. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ मुळे राज्याचा कारभार मराठीत चालतो, आणि तो तसाच चालावा. तरीही बँक, पारपत्र कार्यालय, परराज्यातील शाळा, परदेशी गेलेल्या मुलाचा मालक यांच्यासाठी इंग्रजी दाखला द्यावा लागतो. त्यात बहुतेक वेळा एकच क्रियापद महत्त्वाचे असते : राहतो.

या परिसराचेच उदाहरण घेऊ. १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने ज्या चाळी बांधल्या, त्यांपैकी बत्तीस येथे ना. म. जोशी मार्गावर होत्या. एकशे साठ चौरस फुटांची एकेक खोली. अशा खोलीत कोकणातला, साताऱ्याचा, कोल्हापूरचा माणूस गिरणीत कामाला लागून पिढ्यान्‌पिढ्या राहिला. कुटुंब गावी, स्वतः येथे, आणि गणपतीला अथवा शिमग्याला गावी. असा एक माणूस कल्पा. तो मूळचा साताऱ्याचा, राहतो डिलाईल रोडला, आणि सध्या आजारी आईपाशी गावी आहे. इंग्रजीत या एकाच माणसाविषयी तीन वाक्ये होतात. ‘ही कम्स फ्रॉम सातारा’, ‘ही लिव्ह्ज अ‍ॅट डिलाईल रोड’, ‘ही इज स्टेइंग इन हिज व्हिलेज’. पहिली दोन साध्या वर्तमानकाळात, तिसरे ‘इंग’मध्ये. पहिल्या वाक्यात ‘येतो’ असे क्रियापद असले तरी तो कोठून निघून येथे पोचत नाही. त्याचे मूळ सांगितले आहे. मराठीत आपण तेथे क्रियापदही वापरीत नाही, ‘मी साताऱ्याचा’ एवढेच म्हणतो. हेच वाक्य ‘आय अ‍ॅम कमिंग फ्रॉम सातारा’ असे म्हटले, तर ऐकणाऱ्याला वाटेल की हा आत्ताच एस. टी.तून उतरला, याला आधी पाणी द्यावे. आणि आपण सर्रास वापरतो ते ‘आय स्टे अ‍ॅट डिलाईल रोड’ आपल्या देशात चालून जाते; बाहेरच्या वाचकाला मात्र ते पाहुण्यासारखे, तात्पुरते वाटण्याचा संभव असतो. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याने ‘लिव्ह’ म्हणावे, आणि दाखल्यात ‘रिझाइड्ज’.

तेव्हा सरपंच किंवा ग्रामपंचायत अधिकारी ‘रिझाइड्ज’ या शब्दाखाली सही करतात, त्या वेळी ‘तो आज घरी आहे’ याची ते ग्वाही देत नाहीत. ‘त्याचे राहणे येथे आहे, आणि सहीच्या तारखेपर्यंत ते तुटलेले नाही’ याची देतात. नोकरीसाठी पुण्यामुंबईला गेलेल्या, पण घर, शिधापत्रिका आणि मतदान गावी ठेवलेल्या माणसाविषयी हे क्रियापद लिहावे की नाही, हा प्रश्न व्याकरणाचा नाही. नियम आणि वस्तुस्थिती पाहून त्याचे उत्तर द्यावे लागेल. परंतु व्याकरण एवढे निश्चित सांगते की ‘लिव्ह्ज’, ‘इज लिव्हिंग’ आणि ‘लिव्ड’ ही तीन वेगवेगळी विधाने आहेत, आणि कारकुनाने घाईत एकाच्या जागी दुसरे टंकित केले, तर दाखल्याचा अर्थच बदलतो. ‘लिव्ड’ म्हणजे राहत होता, आता राहत नाही, असाच अर्थ परकी वाचक घेईल. बंद पडलेल्या गिरणीविषयी ‘माझे वडील तेथे काम करतात’ असे जुन्या नमुन्यावरून उतरवून ‘वर्क्स’ लिहिलेला अर्जही असाच फसवा. तेथे ‘वर्क्ड’च पाहिजे, मग ते लिहिताना मनाला कितीही जड वाटो.

आणखी एक जागा अशी आहे, की जेथे हा काळ मराठीत चालतो पण इंग्रजीत चालत नाही. ‘मी १९८० पासून या खोलीत राहतो’ हे निर्दोष मराठी. चाळींच्या पुनर्विकासात, ज्याचे भूमिपूजन २०१७ मध्ये झाले, अशा वास्तव्याच्या विधानाला किती किंमत आली आहे हे येथील रहिवाशांना सांगावयास नको. पण त्याचे ‘आय लिव्ह हिअर सिन्स नाइन्टीन एटी’ असे इंग्रजी होत नाही. ‘पासून’ हा शब्द आला, म्हणजे मागे कोठे तरी खुंटी रोवली गेली आणि तेथपासून आजपर्यंत दोरी ताणली गेली. इंग्रजीला ती संपूर्ण दोरी क्रियापदात दिसावी लागते, म्हणून ‘आय हॅव लिव्ड हिअर सिन्स नाइन्टीन एटी’. साधा वर्तमानकाळ त्या दोरीचे फक्त आजचे टोक दाखवितो. वर्गात यासाठी एवढेच सांगावे, की ‘पासून’ दिसले की थांबावे, ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ शोधावे.

हे सर्व मराठीतून सांगितल्यामुळे कोणी म्हणेल की हा तर भाषांतरपद्धतीचा पुरस्कार झाला. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये आपले मराठी व्याकरण प्रसिद्ध केले, मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये आले, आणि तर्खडकरांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. पुढे प्रत्यक्ष पद्धतीचे वारे वाहू लागले, आणि वर्गात मराठीचा एक शब्दही उच्चारू नये असा आग्रह सुरू झाला. पाठमालेची पुष्कळ थट्टा झाली. तिच्यातील वाक्ये कृत्रिम होती हे खरे आहे. पण ज्या मुलाला घरी, चाळीत, बाजारात इंग्रजीचा एक शब्दही ऐकू येत नाही, त्याच्यासाठी मराठी वर्ज्य करणे म्हणजे पोहायला शिकविताना त्याचा हात बांधणे आहे. बोलण्याचा सराव इंग्रजीतच व्हावा, भरपूर व्हावा. कारण सांगणे मात्र मराठीत असावे.

रात्रशाळेच्या शिक्षकांना शेवटी एक लहानसा पाठ सुचवितो. विद्यार्थ्यांना स्वतःच्या दिवसाविषयी सहा वाक्ये मराठीत बोलावयास सांगा : कधी उठतो, कोठे काम करतो, कोणाबरोबर जेवतो, शाळेत कधी येतो. तीच सहा ‘आय’ने इंग्रजीत म्हणून घ्या. मग शेजाऱ्याने उभे राहून तीच सहा वाक्ये ‘ही’ किंवा ‘शी’ने म्हणावीत, ‘स’ आपोआप कानावर येईल. तिसऱ्या फेरीत वडिलांविषयी, आणि तेथे ‘करतात’ला सावध राहा. चौथ्या फेरीत सगळे नकारात. पंचेचाळीस मिनिटांच्या तासाला एवढे पुरते, आणि कोणालाही पुस्तक उघडावे लागत नाही.